पथक सोडल्यावरची परीक्षा

निर्मळच्या थांब्यावर उन्नती वसईच्या एसटीसाठी रांगेत उभी होती. पुढच्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांना त्यांच्या ओळखीच्या एका मुलीने हटकलं, तसे तिचे कान तिकडे लागले.

“व्हॅलेरियन अंकल, सकाळी सकाळी कुठे?”

“वसईला. प्रथमोपचाराची परीक्षा आहे.”

“पण आगीच्या बंबावर स्वयंसेवक म्हणून जाणं तुम्ही सोडलंत ना?”

“सोडलं की. सेवा फुकटची असली तरी शिडी चढायला गुडघे लागतात.”

“मग परीक्षा कशाला?”

“सर्टिफिकेटची मुदत संपते, जीना.”

“संपू दे! आता कोण विचारणार आहे?”

“हे बघ, पूर्वी आम्हाला शिकवलं होतं, पोराच्या घशात काही अडकलं की बोट घालून काढा. मागच्या परीक्षेच्या वेळी म्हणाले, दिसत नसेल तर बोट घालू नका, आणखी आत जातं. बाळाला पालथं धरा, डोकं खाली, आणि पाठीवर थापा मारा.”

“बरं, मग?”

“मग मी पथक सोडलं. आणि ईस्टरला आमच्या शॉनच्या बाळाच्या घशात चिकूची बी अडकली.”

“जेजू!”

“सगळे बोट घालायला धावले. मी बाळाला हिसकावूनच घेतलं.”

“निघाली?”

“निघाली. बाळानं असा टाहो फोडला, की त्याची आई हसायचं सोडून रडायलाच लागली.”

एसटी आली. रांग हलली, तशी उन्नतीने न राहवून विचारलं, “काका, तिथे पथकाबाहेरच्यांनाही शिकवतात का?”

“शिकवतात. फक्त तोंडाने श्वास द्यायच्या सरावाच्या बाहुलीला स्पिरिटचा वास येतो, आधीच सांगतो.”