झाकण बंद केलं की दोन्ही लागतात

हॅलो? … हां, बोल कुंदन. मीच, सुलक्षणा. आईचा फोन पाच महिने माझ्याकडेच आहे, दुसरं कोण उचलणार?

… झोपलीय. … पाय तसाच रे. वॉकर धरून मोरीपर्यंत जाते, परत येताना मला धरते.

… हो, हो, तेच सांगतेय. अरे ऐक ना! लागले! दोन्ही लागले!

… मॉनिटर रे, तुझे मॉनिटर! काल रडकुंडीला आले होते ना मी? एक लावला की दुसरा काळा, दुसरा लावला की पहिला काळा. आणि तू काय म्हणालास? "राहू दे अक्का, दोन स्क्रीनशिवाय माझं काम होत नाही. मग पुण्याहून यायचं अवघडच आहे." म्हणालास की नाही?

… हां. तर आज आईची अंघोळ उरकली आणि तुझा लॅपटॉप काखेत मारून नवलचं दुकान गाठलं. … तुझ्याच वर्गातला रे, स्टेशन रोडचा. तो म्हणे, ताई, वायरी चांगल्या, मॉनिटर चांगले. याला वेगळं ग्राफिक कार्ड नाही, जे आहे ते आतल्या चिपमध्येच. ते एका वेळी दोनच पडदे सांभाळतं. लॅपटॉपचा स्वतःचा एक, बाहेरचा एक. संपलं.

… अरे, पुढचं तर ऐक! म्हणे, झाकण बंद करा. लॅपटॉपचा पडदा मिटला की बाहेरचे दोन पेटतात. चार्जर लावलेला हवा, कीबोर्ड-माउस वेगळा हवा. तो त्याच्याकडूनच आणला. घरी आले, झाकण लावलं… कुंदन, दोन्ही! बाण या पडद्यावरून त्या पडद्यावर सरकत जातो. मी देवापुढे साखर ठेवली.

… का रे? आता काय राहिलं?

… कॅमेरा? हो, तो झाकणात असतो खरा. सुटा मिळतो, नवलला सांगून ठेवलाय. … लाईट? इन्व्हर्टर बसवला ना, तूच म्हणालास म्हणून. … नेट? ते पण नवं घेतलं, तूच म्हणालास म्हणून. … शांतता? अरे, आईची खाट बाहेरच्या खोलीत काढली मी, तिच्या खोलीत तुझं टेबल बसावं म्हणून. खिडकी गेली तिची. हूं की चूं केलं नाही. म्हणे, "कुंदन ई राहिना ना, मंग ऱ्हाऊ दे." तू येतोयस, एवढ्यावरच खूश.

… टोमणा नाही मारत. … बरं, मारला. भरीत खायला येतोस तेव्हा नाही लागत तुला टेबल-खुर्ची. मांडी घालून तीन भाकरी हाणतोस.

… अक्का अक्का करू नको. सरळ सांग, रविवारी कुठल्या गाडीने येतोस? सोमवारी तुझी नवी नोकरी सुरू, सोमवारीच माझ्या मयुरीचं प्रॅक्टिकल. बारावी आहे तिची. पाच महिने पोर तिकडे धुळ्यात स्वतःचा डबा करून कॉलेजला जाते. तिला शब्द दिलाय, रविवारी संध्याकाळी घरी असेन. … तू मला दिलास म्हणून मी तिला दिला ना!

… "बघतो" म्हणजे काय?

थांब, दार वाजतंय. … कोण? … हो, लताबाई पाटलांचंच घर. … काय न्यायचंय?

… कुंदन, कुरियरवाले आलेत. म्हणतात, लॅपटॉप न्यायचाय, पुण्याला. घर चुकले असतील ना रे? कंपनीने तो इथं पाठवला, तूच इथला पत्ता दिलास, इथूनच काम करणार म्हणून… चुकले असतील. बोल ना.

… भाऊ, दाखवा बरं तो कागद. … तुझं नाव आहे. तुझाच नंबर. बुकिंग… मंगळवारचं.

कुंदन, आज गुरुवार.

… नाही, थांब. मंगळवारी तू हे बुक केलंस. आणि बुधवारी मला दीपनगरला जाऊ दिलंस? लोटनमामांकडचा मॉनिटर आणायला? आईला शेजारच्या सुंदरबाईच्या भरवशावर टाकून गेले मी. एसटीत मांडीवर धरून आणला रे तो, हिसके बसू नयेत म्हणून! तुला फोन करून रडले, आणि तू म्हणालास, "अरेरे." सगळं ठरवून बसला होतास आणि अरेरे म्हणालास!

… म्हणजे पडदे लागोत न लागोत, तू येणारच नव्हतास. … हं. … हं. … मग मंगळवारीच तोंड उघडायचं होतं! "अक्का, मला नाही जमत" एवढंच. शिव्या दिल्या असत्या आणि काहीतरी दुसरं पाहिलं असतं. दोन दिवस तरी हातात असते माझ्या!

… काय? आईला मुलीचाच हात बरा वाटतो? … वा! हे कुणी ठरवलं, आईने की तू? तिला एकदा विचारलंस?

… भाऊ, उभे का, बसा ना. वायरी काढते आणि देते. तुमची काय चूक.

… कुंदन, आई उठली. दारात पुरुषाचा आवाज ऐकला तिने. विचारतेय, "कुंदन उना का?"

… ऐकलंस? … मी नाही सांगणार. पाच महिने मीच सांगतेय, येईल, येतोय, आलाच. आज तू सांग. … नंतर नाही, आत्ता. देते तिला फोन. … ले माय, कुंदन शे. बोल त्यासंगे.

…

… काय झालं? आण इकडे. … हॅलो? … हॅलो, कुंदन?

… नही व माय, तुन्ही काही चूक नही. … त्यानी फोन नही कापा. रेंज गयी.