नव्या बाई आणि माझे शिष्टाचार

...नाही, पण मला एक सांगा, चार गोष्टी चांगल्या सांगितल्या हा काय गुन्हा झाला का? नाही ना? मग मी गेले तीन आठवडे ऑफिसात भिंतीला घासून का चालतोय? जिन्यात बाई दिसल्या की वर जायचं सोडून खाली का उतरतोय? परवा तर तिसऱ्या मजल्यावर काम होतं आणि मी थेट तळघरात जाऊन उभा! तिथला रखवालदार म्हणतो, "काय साहेब, काही हरवलं का?" म्हटलं, "हो." "काय हरवलं?" आता काय सांगू त्याला, दाखवायला तोंड राहिलं नाही म्हणून? तुम्हाला सांगतो, हेतू चांगला होता हो माझा!

थांबा, नीट सांगतो. म्हणजे मग तुम्हीच ठरवा. तुम्ही नवी वस्तू घेता, पंखा म्हणा, इस्त्री म्हणा, तिच्या खोक्यात सगळ्यात वर एक पुस्तिका असते बघा. 'वापरण्यापूर्वी कृपया वाचा' असं लिहिलेली, आणि म्हणूनच कोणी न वाचलेली! ती आमचं ऑफिस तयार करतं. आणि छापायला जाण्याआधी ती शेवटची वाचतो मी. तपासनीस! अठरा वर्षं झाली. अठरा वर्षांत एक वेलांटी निसटली नाही माझ्या नजरेतून, एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही... पण अठरा वर्षांत कोणी मला कधी काही विचारलंही नाही हो. ऑफिसात नाही, घरात नाही. घरी तर आज भाजी कुठली करू हेसुद्धा बायको मला सोडून सगळ्यांना विचारते. आणि अशा माणसाला एक दिवस साहेब केबिनमध्ये बोलावतात आणि म्हणतात, "उद्यापासून तुमच्या हाताखाली एक नव्या बाई येतायत. पहिलीच नोकरी आहे त्यांची. ऑफिसातलं वागणंबोलणं जरा समजावून सांगा." मला! समजावून! तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी रात्रभर... नाही, रात्रभर नाही, संध्याकाळभर, आरशासमोर उभा राहून "हे बघा, असं आहे" एवढंच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघितलं.

मला वाटलं, कोणी कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलगी येईल. आल्या कोण? त्रेपन्न वर्षांच्या बाई! चष्म्याला दोरी, हातात पाण्याची बाटली, काखेत नवी कोरी वही. माझ्या थोरल्या बहिणीपेक्षा मोठ्या. मला म्हणतात, "नमस्कार सर." आणि मी, तुम्हाला खोटं नाही सांगणार, मी "अहो, सर कसलं" म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं ना? गोड वाटलं हो! बसल्या आणि म्हणाल्या, "मुलं मार्गी लागली सर. घरात मला सगळे 'आई' म्हणतात नाहीतर 'अगं' म्हणतात. म्हटलं, एकदा गळ्यात स्वतःच्या नावाचं ओळखपत्र घालून बघावं." ते ओळखपत्र सारखं उलटं व्हायचं आणि बाई सारख्या ते सुलटं करायच्या.

अशा बाईंना माणसानं काय म्हणावं? "या, चहा घ्या" म्हणावं! मी घसा खाकरला. "हे बघा, असं आहे," म्हटलं, आणि जो सुरू झालो तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत! समोरचा फोनवर असेल तर मध्ये बोलायचं नाही. मीटिंगमध्ये नव्या माणसानं पहिले सहा महिने कान उघडे ठेवायचे आणि तोंड बंद. वरिष्ठांना डावलून साहेबांकडे जायचं नाही. वरिष्ठांची चूक दिसली तर चारचौघांत बोलायची नाही, एकांतात सांगायची, नम्रपणे सांगायची, शक्यतो लेखी सांगायची... आणि बाई लिहितायत! दोन रंगांच्या पेनांनी! वर मथळा काय, तर 'सरांनी सांगितलेले', त्याखाली दुहेरी रेघ. मध्येच मान वर करून विचारतात, "आणि सर, घाईचं काही असेल तर?" मी म्हणालो... मला आठवलं तरी कानशिलं तापतात... मी म्हणालो, "बाई, शिष्टाचाराला घाई नसते." स्वतःवर इतका खूश झालो या वाक्यावर, की घरी जाऊन बायकोला दोनदा ऐकवलं. ती म्हणाली, "कचऱ्याची पिशवी खाली ठेवून या. त्याला घाई आहे." पण हेतू, हेतू चांगला होता हो माझा!

तर महिन्याभरानं एक मिक्सर आला. म्हणजे मिक्सरची पुस्तिका आली. मोठं गिऱ्हाईक, वीस हजार प्रती. पान सात, ओळ चार. मूळ वाक्य असं हवं होतं: 'झाकण घट्ट बसवल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.' टंकताना झालं काय? 'झाकण घट्ट बसवल्यावर यंत्र सुरू करू नये.' आलं लक्षात? मी ती ओळ वाचली. तीनदा वाचली! 'घट्ट' बरोबर, 'यंत्र' बरोबर, 'सुरू'चा रू दीर्घ, बरोबर! ठोकली सही! अहो, शुद्धलेखनाची चूक नव्हतीच ना त्यात. आणि मिक्सर मी जन्मात लावलेला नाही. बाईंनी शिकायचं म्हणून माझ्यानंतर पान वाचलं, शब्द नाही बघितले, डोळ्यांपुढे मिक्सर आणला, आणि तिथल्या तिथे उठून उभ्या राहिल्या.

आल्या माझ्या टेबलाशी. मी फोनवर. कोणाशी? मेहुण्याशी! त्याच्या गुडघ्याबद्दल! बाई समोर कागद धरून उभ्या, मी हातानं 'थांबा' अशी खूण केली, आणि त्या थांबल्या हो. वीस मिनिटं. गुडघ्याचा एक्स-रे, मग दुसरं मत, मग दुसऱ्या गुडघ्याची चौकशी... शेवटी त्या हळूच परत गेल्या. दुपारी मीटिंग. साहेबांनी विचारलं, "मिक्सर जाऊ दे छापायला?" टेबलाच्या टोकाला बाईंचा हात वर गेला. आणि मी डोळे मोठे केले. असे. बाईंनी हात खाली घेतला, घेता घेता केस सारखे केल्याचं दाखवलं. मला काय वाटलं असेल सांगा? लाज? अभिमान वाटला हो मला! म्हटलं, काय शिकवलंय आपण! मग संध्याकाळी त्यांची मेल आली, विषय 'विनम्र शंका'. म्हटलं, नव्या माणसाची शंका ती काय असणार, स्टेपलर कुठे ठेवतात हीच ना? बघू सावकाश. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दोनदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मी मान डोलावली. मला वाटलं, त्या नमस्कार करतायत. त्यांना वाटलं, सरांनी वाचलंय आणि सगळं ठीक आहे, म्हणून माझ्या सहीखाली त्यांनीही सही केली.

छापली गेली पुस्तिका. वीस हजार. पहिली दोन हजार खोकी दुकानांत गेली आणि पहिला मिक्सर पोचला कुठे? गिऱ्हाईकाच्या, म्हणजे त्या मिक्सर कंपनीच्या मालकाच्या सासूबाईंकडे! आणि सासूबाई कशा, तर निवृत्त मुख्याध्यापिका. जगात पुस्तिका वाचणारी ती एकच बाई असेल, आणि तीही लिहिलंय तसंच करणारी! झाकण बसवलेलं होतं, पुस्तिका म्हणते बसवल्यावर सुरू करू नये, त्यांनी काढून ठेवलं. भांडं टोमॅटोनं गच्च भरलेलं. बटण दाबलं... पुढचं छताला विचारा. सासूबाईंना लागलं नाही काही. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. हे ऐकल्यावर सगळे हसले हो. मीही हसलो. आणि मग मनात आलं, चष्मा नसता तर? टोमॅटो गरम असता तर?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं साहेबांच्या केबिनमध्ये. कागदावर दोन सह्या, वर माझी, खाली बाईंची. साहेब म्हणाले, "अठरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाच्या हातून असं व्हायचं नाही. नवीन माणूस हाताखाली आला की लक्ष विचलित होतं, खरं ना?" आणि मी... बघा, इथपर्यंतचं मी कोणालाही सांगतो, पण पुढचं बायकोलाही सांगितलेलं नाही... मी मान हलवली. हो अशी हलवली. कोणी धरून हलवली नाही हो, माझी मीच हलवली! बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या आता बोलतील, मला वाटलं, आता कोसळणार माझ्यावर आभाळ. नाही बोलल्या! साहेब म्हणाले, "बाई, सॉरी, तुमचं जमेल असं वाटत नाही. ओळखपत्र खाली जमा करा." बाई म्हणाल्या, "बरं." आणि बाहेर आल्यावर मला म्हणतात काय? "इतके दिवस सांभाळून घेतलंत सर, खूप शिकायला मिळालं."

शिकायला मिळालं! जोड्यानं मारलं असतं तरी बरं झालं असतं. मी खुर्चीत येऊन बसलो, हाताला काहीतरी काम हवं म्हणून मेल उघडली. 'विनम्र शंका.' "आदरणीय सर, आपण कामात आहात याची जाणीव आहे. पान सात, ओळ चार. 'बसवल्यावर' छापलं आहे, 'बसवल्याशिवाय' हवं असं वाटतं. मी तीस वर्षं मिक्सर वापरते. तरी माझ्या समजण्यात चूक होत असल्यास क्षमा असावी. छपाई उद्या आहे म्हणून घाईनं लिहिते, शिष्टाचारात बसत नसल्यास त्याचीही क्षमा असावी."

तुम्हाला सांगतो, तो हेतूबितू सगळा तिथेच गळून पडला. मी उठलो आणि पळालो. मधल्या वाटेनं, खुर्च्या ढकलत! साहेब फोनवर, मी मध्येच बोललो. समोर तोवर मिक्सर कंपनीचे मालक येऊन बसलेले, त्यांच्यादेखत बोललो, ओरडूनच बोललो, "साहेब, चूक माझी! बाईंनी सांगितली होती! तीनदा! मी ऐकली नाही, आणि मघाशी मान हलवली तीही खोटी हलवली!" आणि ती मेल वाचून दाखवली, क्षमेसकट. मालक म्हणाले, "तीस वर्षं मिक्सर वापरणाऱ्या बाई तुमच्याकडे आहेत, आणि पुस्तिका तपासतो हा?" साहेब मला म्हणाले, "उभे काय राहिलात? बोलवा त्यांना!"

दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आलो. बाई दारातल्या टेबलाशी उभ्या, ओळखपत्र गळ्यातून काढलेलं, पण अजून मुठीतच. म्हटलं, "बाई... नका... देऊ..." पुढे श्वासच पुरेना. त्या म्हणाल्या, "आधी पाणी प्या," आणि त्यांचीच बाटली मला दिली. पाणी प्यालो आणि पहिला प्रश्न मीच विचारला, बेशरमासारखा. "बाई, आत बोलला का नाहीत? तुमच्याकडे तर मेल होती!" त्यांनी वही उघडली, पान काढलं आणि बोट ठेवलं. 'वरिष्ठांची चूक चारचौघांत बोलू नये.' खाली हिरव्या पेनानं रेघ. म्हणाल्या, "केबिनमध्ये आपण तिघं होतो सर. तिघं म्हणजे एकांत धरायचा की चारचौघं, हे तुम्हाला विचारायचं राहिलंच." आता ही थट्टा होती की खरंच? तीन आठवडे विचार करतोय, कळत नाही! विचारायची छाती नाही.

बाई राहिल्या. म्हणजे नुसत्या राहिल्या नाहीत, आता शेवटची सही त्यांची असते आणि मी त्यांच्या हाताखाली. उरलेल्या अठरा हजार पुस्तिकांवर दुरुस्तीची चिठ्ठी मीच चिकटवली. सहा दिवस. आणि त्या माझ्या शेजारी बसून चिकटवायच्या! म्हटलं, "बाई, तुम्ही कशाला?" म्हणतात, "दोन हातांनी कधी व्हायचं ते?" रागवतच नाहीत हो! एकदा, एकदाच रागावल्या असत्या, तर मी जिन्यानं सरळ वर गेलो असतो. चौथ्या दिवशी मी म्हणालो, "बाई, मला 'सर' म्हणू नका." त्या म्हणाल्या, "बरं," आणि तेव्हापासून मला काहीच म्हणत नाहीत. नुसतं "अहो."

आणि आता त्यांनी साहेबांकडून नवा नियम मंजूर करून घेतलाय. पुस्तिका छापण्याआधी तिच्यात लिहिलंय ते सगळं एका माणसानं स्वतः करून बघायचं. तो माणूस मी! आणि 'नाही' कुठल्या तोंडानं म्हणू? इस्त्री केली, पंखा जोडला, मिक्सर तर बारा वेळा लावला. सोमवारी केस कापायचं यंत्र आहे... आणि पुस्तिका टंकणारा तोच आहे, मिक्सरच्या वेळचा. म्हणून घरी सांगून ठेवलंय, सोमवारी संध्याकाळी दारात कोणी अनोळखी टकला उभा दिसला, तर दार लावून घेऊ नका, नवराच असेल!