बँडच्या मागची फियाट

लवू: कार्बोरेटरात पेट्रोलचे मोठे जेट टाकतो, टायमिंग पुढे घेतो, मगे ही तुझी फियाट घाटात कोणाला ऐकायची नाय. ता माझ्यावर सोड. पण एवढी घाई कित्याक?

इसिडोर: शनिवारी इनेझचं लग्न ना. मुलुंडचे पाहुणे येणार. बघू दे त्यांना पोरीच्या बापाची गाडी.

लवू: म्हणजे नवरी ह्याच गाडयेत बसणार?

इसिडोर: मग काय टॅक्सीत? घर ते चर्च मीच चालवणार. पुढे आपल्या मढचा बँड, बायका नाचणार, नवरीची आई सेराफिना सगळ्यांच्या पुढे. मागून आम्ही दोघं, मी आणि इनेझ. मागच्या सीटवर बसणार नाय म्हणते, पुढेच पाहिजे, माझ्या बाजूला.

लवू: बँडच्या मागून. म्हणजे माणूस चालतो तेवढ्या वेगानं.

इसिडोर: हां.

लवू: आणि ह्या माका आता सांगतंस? अरे बाबा, कार्बोरेटर मोठा बसवलास, हेड घासून घेतलंस. ही गाडी पळाली तरच खूश. बँडमागे दहा मिनिटं रांगली की प्लग काळे होणार, आचके देणार आणि भर गावात बंद पडणार. नवरी गाऊन उचलून रस्त्यात उभी.

इसिडोर: नको रे. सेराफिना मला घरात घ्यायची नाय.

लवू: मगे ठरव. पळणारी करायची, तर नवरीला दुसरी गाडी बघ. नाय तर बारीक जेट, टायमिंग जरा मागे, आयडल जरा वर. पहिल्या गिअरात न कुरकुरता रांगेल. पण पिकअपची वाट लागली समज. टॅक्सीवाले पुढे काढतील.

इसिडोर: सात वर्षं घातली यार मी ह्या इंजिनात. तिच्याचसाठी. शाळेत सोडायचो ना, तेव्हा बाजूला बसून ओरडायची, ‘डॅडी, अजून जोरात.’

लवू: आता काय म्हणते?

इसिडोर: आता बहारीनला चालली. लग्नानंतर दहाव्या दिवशी विमान. नवऱ्याची नोकरी तिथे. पोरगा चांगला आहे, तक्रार नाय माझी.

लवू: तुझा चेडू सुखात पडला, झाला तर.

इसिडोर: घर ते चर्च, पळवली तर चार मिनिटं, लवू.

लवू: आणि बँडमागे अर्धा तास.

इसिडोर: अर्धा तास ना? मग बारीक जेट घाल.

लवू: नक्की? रविवारी परत येशील मोठे टाकायला, माका म्हायत आसा.

इसिडोर: येईन तेव्हा येईन. आता घाल.

(बॉनेट उघडं. इंजिन सुरू आहे.)

लवू: ऐक. एकसारखा चालता. बँडवाले दमतील, ही दमायची नाय. खूश?

इसिडोर: झकास. एकदम खूश. लवू...

लवू: काय रे?

इसिडोर: अजून थोडी हळू होईल?