राक्षसाचा चष्मा

कळवा नाक्यावर बसच्या रांगेत माझ्यापुढे भगवान आणि चष्मेवाला चांगदेव कॉलेजच्या भित्तिपत्रकावर मंजुळा दर सोमवारी काढते त्या चित्रकथेवरून हुज्जत घालत होते.

"चांग्या, मेलेल्या राजाच्या कानात राणी फुंकते आणि तो उठतो. मंत्र असणार."

"कसला मंत्र? व्हिडिओ गेम अडकला की तू काय करतोस?"

"कॅसेट काढून फुंकतो."

"मग! मंजुळाने तेच काढलंय."

"आयला! आणि राजा कायम डावीकडेच का पळतो?"

"तिच्या गेमच्या रिमोटचं उजवं बटण तुटलंय रे."

"तुला काय माहीत?"

"मीच आपटलेला. सारखी हरवत होती मला."

"अस्सं! तरीच राक्षसाला चष्मा आहे. म्हणजे सोमवारच्या भागात राजा तुला मारणार!"