चबुतऱ्याची जाळी

रविवारी सकाळी जुन्या अहमदाबादेत, पोळेच्या, म्हणजे दाट वस्तीच्या गल्लीच्या, तोंडाशी फाफड्यांची रांग लागली होती. वारसा समितीच्या चिटणिसांची बायको नीलाबेन पदर पुढे ओढून उभी होती. पुढच्या दोघी शेजारणींचं मागे लक्ष नव्हतं.

"चबुतरा पाहिलास का, ताराबेन? अगदी नवरीसारखा नटवलाय."

"पाहिला ना. चारी बाजूंनी जाळी लावलीय. चिटणीसभाई म्हणाले, पक्ष्यांमुळे कोरीव नक्षी घाण होते."

"बरोबर आहे. पक्ष्यांसाठी बांधलेल्या चबुतऱ्यात पक्ष्यांनी शिरायचं म्हणजे फारच झालं."

"त्यांना काय कळणार वारसा? अडाणी कुठले."

"पण पाटी छान केलीय हं. 'येथे पिढ्यान्‌पिढ्या पाखरांना दाणे घालतात.' पाहुणे पाटी वाचतात आणि जाळीचा फोटो काढतात."

"काढू देत. आज सासूबाईंची तिथी आहे, विमुबेन. दाणे पिशवीतच राहिले. त्या असेपर्यंत पाखरांना घातल्याशिवाय कधी चहा प्यायल्या नाहीत. मीही अजून प्यायले नाही."

"मग गच्चीवर टाक."

"गच्चीवर नुसती कबुतरं येतात गं. सासूबाईंचे पोपट चबुतऱ्यावरच यायचे. सकाळपासून जाळीला लटकून ओरडतायत."

"ताराबेन," मागून नीलाबेन म्हणाली.

दोघी दचकून वळल्या.

"जाळीच्या दाराची किल्ली आमच्या देवघरात असते. थोड्या वेळाने या."

"आणि चिटणीसभाईंनी पाहिलं तर?"

"फाफडे खाल्ले की ते आडवे होतात. आज अर्धा किलो नेतेय."