पाद्रीसाहेबांचा डबा

रामदासपेठेतल्या एका मिशनच्या दवाखान्यात, दुःखी माणसांना धीर देणाऱ्या पाद्रीसाहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या; थोरलीच्या मांडीवर डबा होता.

"पहिल्यांदाच आली काय वं?"

"हो मावशी. आमचे मालक ट्रकखाली गेले. तवापासून झोपच नाही लागत. डॉक्टर म्हणे, पाद्रीसाहेबाले भेट."

"भेट ना. तीन वर्ष अमेरिकेत शिकून आले, दुखी माणसाचं ऐकाले."

"ऐकाचंही शिका लागते?"

"लागते तं! भिंतीवर सर्टिफिकेट हाय. माहा पोरगा विहिरीत बुडाला, तवा मी आली होती. दोन गोष्टी सांगून झाल्या नाही, तं साहेबच रडाले लागले."

"अगं बाई! मंग?"

"मंग काय, पाणी देल्लं, पाठीवरून हात फिरवला. आता दर गुरुवारी येतो. ते सांगते, मी ऐकतो."

"काय सांगते?"

"लोकाईचं दुःख. ऐकून ऐकून घास नाही उतरत म्हणे."

"अन् ह्या डब्यात?"

"पिठलं-भाकर. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारीच नेतात ना वं? तसंच."

"मंग मी कोणाले सांगू?"

"मले सांग. पण पहिले साहेबाले जेवू दे."

"थांबा मावशी. माह्या पिशवीत कांदा हाय, तोही न्या."