टाकीतला स्पंज

अक्कलकोटहून सोलापूरला निघालेल्या बसमध्ये पुढच्या बाकावरून तळ्यासारखा वास यायला लागला, म्हणून मागच्या बाकावरची महेश्वरी पुढं वाकली. तिथं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाईच्या मांडीवर स्टीलचा डबा होता.

"आक्कानं काय दिलं गं, गौरा?"

"तिच्या माशांच्या टाकीतला, पाणी गाळायचा स्पंज."

"धुतलेला?"

"न्हाय. मुद्दाम तसाच आणलाय. आपल्या टाकीत पिळायचा."

"येडी का काय? मी रोज टाकी लख्ख घासतोय."

"म्हणून तर मासे गेले. आक्का म्हणाली, नवी टाकी मुरावी लागती. या घाणीत बारीक जीव असत्यात, ते पाणी माशाला सोसंल असं करत्यात. तुमी त्यांनाच धुऊन टाकत हुता."

आता म्हातारा भडकणार, असं महेश्वरीला वाटलं. पण तो डब्याकडं बघत हळूच बोलला.

"मी चांगलंच करायला गेलो की."

"व्हय. ठाव हाय मला."

"ऱ्हायलेला एक तरी जगंल का?"

"जगंल की. खायला कमी घाला, पाणी थोडं थोडंच बदला."

वळसंगला बस वळली आणि डब्यावर ऊन आलं. म्हाताऱ्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून डब्यावर पांघरला.

"हे कशाला आता?"

"आत जीव हायत म्हणालीस न्हवं?"